वाट्याची भाकरी

बालमित्रांनो, सोलापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं? कुणी म्हणेल, चादर! घरातल्या अंथरुणांच्या ढिगात एखादी तरी सोलापुरी चादर असतेच, आणि ती इतकी टिकते की आजीनं पांघरलेली चादर नातवाच्या अंगावरही दिसते. कुणी म्हणेल, शेंगांची चटणी आणि कडक भाकरी. कुणी म्हणेल, ऊन! तेही खरंच आहे. उन्हाळ्यात इथला पारा चाळीस अंश ओलांडून पुढं जातो आणि पाऊस मात्र हात आखडूनच पडतो.

आज मी तुम्हांला सोलापूरच्या वाटेवरची एक गोष्ट सांगणार आहे, आणि त्या गोष्टीतून निघालेला एक प्रश्नही. प्रश्न माझा नाही बरं का, माझ्या वर्गातल्या एका मुलीचा आहे. त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही सोलापूरला पोचलो, आणि तिथून मनानं थेट चीनपर्यंत जाऊन आलो!

आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात. वर्गात एकदा मी डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांची गोष्ट सांगितली होती. तेव्हापासून मुलांचा एकच धोशा सुरू झाला, "बाई, त्यांचं घर बघायला जाऊ या." संक्रांत झाली आणि आम्ही निघालो. तिसरी-चौथीची मिळून अकरा मुलं, दोन पालक आणि मी. गाडी भाड्याची होती. सकाळी पंढरपूरला विठोबाचं दर्शन घेतलं, पोह्यांवर ताव मारला आणि मोहोळच्या दिशेनं गाडी पळू लागली.

पळू लागली खरी, पण मोहोळ यायच्या आधीच एक झटका बसला आणि गाडी थांबली. क्लचची तार तुटली होती. मागून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्यानं आमच्या ड्रायव्हरदादांना मागं बसवून घेतलं आणि तार आणायला मोहोळला नेलं. आम्ही उरलो रस्त्याच्या कडेला. दोन्ही बाजूंना ज्वारीची शेतं, हुरड्यात आलेली. झाड म्हणावं तर एक वाळकी बाभूळ. जानेवारी असला तरी दुपारचं ऊन चटका देत होतं. मुलांच्या बाटल्यांतलं पाणी संपत आलं होतं.

तेवढ्यात शेतातल्या पायवाटेनं एक आजी आल्या. डोक्यावरून पदर, हातात विळा.

"काय झालं वं बाई? लेकरं उन्हात कशाला हुबी केलीत?"

"गाडी बिघडलीय, आजी. ड्रायव्हर मोहोळला गेलेत."

"मग हितं कशाला थांबायचं? चला की वस्तीवर. सावली हाय, पाणी हाय. गाडी काय पळून जातीय व्हय?"

मुलं खुदकन हसली आणि आजींच्या मागोमाग निघालीसुद्धा!

वस्ती म्हणजे दोन खणांचं घर, पुढं लिंबाचं मोठं झाड, गोठ्यात एक गाय आणि तिचं वासरू. आजींनी प्रत्येकाच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवला आणि मग रांजणातलं गार पाणी दिलं. उन्हातून आलेल्याला नुसतं पाणी द्यायचं नाही, ही खेड्यातली जुनी रीत. आजोबा न बोलता उठले, शेतात गेले आणि ज्वारीच्या कोवळ्या कणसांचा भारा घेऊन आले. जमिनीत एक लहानसा खड्डा होता. त्यात गोवऱ्या पेटवल्या. धूर ओसरला, निखारे फुलले, तशी त्यांत कणसं खुपसली.

तुम्ही हुरडा खाल्लाय का कधी? भाजलेलं कणीस गरम असतानाच दोन्ही तळहातांत धरून चोळायचं. हिरवे हिरवे दाणे खाली पडतात. फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि दाणे तोंडात टाकायचे. दुधासारखे गोड लागतात. वर शेंगांची तिखट चटणी. मुलांचे हात काळे, तोंडं काळी, आणि डोळे मात्र चमकत होते!

एवढ्यानं आजींचं समाधान कुठलं व्हायला! त्यांनी घरातून भाकरीची दुरडी आणली, दह्याचं गाडगं आणलं, बुक्कीनं कांदे फोडले. "सकाळधरनं पोह्यावर हाईत लेकरं," असं म्हणत एकेकाच्या हातावर अर्धी अर्धी भाकरी ठेवली. कुणी पुन्हा मागितली, त्याला पुन्हा दिली. आम्ही कुठल्या गावचे, हे आजींनी विचारलं, पण तेसुद्धा सगळ्यांचं खाणं झाल्यावर! आडनाव तर विचारलंच नाही. आमच्याबरोबरच्या एका पालकांनी खिशात हात घातला, तेव्हा आजी चक्क रागावल्या. "हे काय हाटेल हाय व्हय, दादा?"

दोन-अडीच तासांनी खालून हॉर्न वाजला. आम्ही आजी-आजोबांना नमस्कार केला आणि निघालो. नेमकी त्याच वेळी शेतात काम करणारी तीन माणसं जेवायला वस्तीवर आली. दोन बायका आणि एक तरुण. आजींनी दुरडी उचलून पाहिली. दुरडीत काहीच उरलं नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत. परात पुढं ओढली, पीठ घेतलं आणि मळायला बसल्या. त्या दोघींपैकी एकीनं चूल पेटवली. बाकीचे लिंबाखाली टेकले.

हे सगळं चौथीतल्या एका मुलीनं पाहिलं. गाडीत इतर मुलं गाणी म्हणत होती, ही मात्र गप्प. मोहोळ मागं पडल्यावर तिनं हळूच विचारलं,

"बाई, आपण खाल्ल्या त्या भाकरी त्या कामावरच्या माणसांच्या वाट्याच्या होत्या ना?"

"असाव्यात," मी म्हणाले.

"मग आपल्याला देताना त्यांना कुणी विचारलं होतं का?"

काय उत्तर देणार, सांगा बरं? अनोळखी माणसानं आपल्याला मदत केली, की आपण त्या माणसाला धन्यवाद देतो. आपल्या हातात काय आलं, ते आपल्याला दिसतं. ते कुणाच्या ताटातून आलं, हे सहसा दिसत नाही. त्या दिवशी ते एका मुलीला दिसलं होतं. मी तिला म्हटलं, "आपण शोधू या."

लांबोटीजवळ सीना नदी ओलांडली आणि थोड्याच वेळात सोलापूर आलं. सगळ्यांत आधी आम्ही सिद्धेश्वराच्या देवळात गेलो. हे देऊळ तलावात आहे. चारी बाजूंना पाणी, जवळच भुईकोट किल्ला. संक्रांतीच्या दिवसांत इथं गड्ड्याची यात्रा भरते. उंच उंच नंदीध्वज खांद्यावर पेलत मिरवणूक निघते. आम्ही गेलो तेव्हा गड्ड्यावर पाळणे फिरत होते. कानांवर मराठी पडत होती, कन्नड पडत होती, तेलुगू आणि उर्दूही. चादरी विणणारी अनेक कुटुंबं तेलंगणातून येऊन इथं स्थायिक झाली. कर्नाटकची सीमा तर जवळच. त्यामुळं सोलापूरच्या पोरांना दोन-तीन भाषा सहज बोलता येतात!

तलावाच्या काठावर बसून मी मुलांना सिद्धरामाची गोष्ट सांगितली. आठशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे. बाराव्या शतकात सोलापूरला सोन्नलगी म्हणत. तिथं सिद्धराम नावाचा मुलगा शेत राखत असे आणि गुरं सांभाळत असे. एकदा शेतात कुणी अनोळखी जंगम आला. अंगावर भस्म, चालून दमलेला. त्यानं खायला मागितलं. सिद्धरामानं काय दिलं असेल? हुरडा! हे ऐकताच आमची मुलं टाळ्या पिटायला लागली. हुरडा खाऊन पाहुणा म्हणाला, "पोटात आग पडली रे बाळा, थोडा दहीभात मिळेल का?" सिद्धराम धावत घरी गेला. आईकडून दहीभात घेतला आणि धावत परत आला. पाहतो तर पाहुणा नाही! "मल्लय्या, मल्लय्या" अशा हाका मारत तो मुलगा त्याला शोधायला निघाला आणि यात्रेकरूंबरोबर थेट श्रीशैलला पोचला. तो पाहुणा म्हणजे श्रीशैलचा मल्लिकार्जुनच होता, असं ही कथा सांगते. पुढं सिद्धराम परत आला आणि लोकांना बरोबर घेऊन त्यानं तलाव खणला. कन्नडमध्ये त्यानं वचनं लिहिली. लोक त्याला सिद्धरामेश्वर म्हणू लागले.

गोष्ट संपली. मुलं पाण्याकडं बघत होती. आमची ती चौथीतली मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे दहीभात आईचा होता."

खरंच की! इतकी वर्षं मी ही गोष्ट ऐकत आले. पाहुणा ध्यानात राहतो, धावणारा मुलगा ध्यानात राहतो. घरात दह्याचं भांडं उघडून भात कालवणारी आई मात्र गोष्टीत एका ओळीपुरती येते. मुलानं मागितलं आणि तिनं दिलं. कुणासाठी म्हणून विचारलं असेल का? विचारलं असलं तरी दिलंच.

दुसऱ्या एका मुलाला लगेच दामाजीपंतांची आठवण झाली. पंढरपूरपासून जवळच मंगळवेढा आहे, ज्वारीचं कोठार म्हणून प्रसिद्ध. पंधराव्या शतकात तिथं दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे अधिकारी होते. मोठा दुष्काळ पडला. दूरदूरची माणसं अन्नासाठी येऊ लागली, तेव्हा पंतांनी सरकारी धान्याची कोठारं उघडली, अशी कथा आहे. "पण बाई, ते धान्य तर बादशहाचं होतं!" आमचा मुलगा म्हणाला. बरोबर. म्हणूनच पंतांना पकडून न्यायला शिपाई आले. कथेत पुढं विठोबा विठू महाराचं रूप घेऊन बेदरला जातो आणि धान्याची किंमत चुकती करतो. कथा म्हणून ऐकली, तरी तिच्यातला हिशोब पक्का आहे. जे दिलं गेलं, ते कुठून तरी आलं आणि कुणाला तरी भरावं लागलं.

तिथून आम्ही निघालो ते डॉक्टर कोटणिसांच्या घराकडं. भैय्या चौकाजवळ त्यांचं जुनं घर आहे. सोलापूर महानगरपालिकेनं ते जपलं आणि २०१२ साली तिथं स्मारक सुरू झालं. आत छायाचित्रं लावली आहेत. एका छायाचित्राजवळ मुलं बराच वेळ थांबली. साध्या कपड्यांतला, हसऱ्या चेहऱ्याचा तरुण.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील गिरणीत नोकरीला. त्या काळी सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. मुलगा हुशार होता. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून तो डॉक्टर झाला. मध्यमवर्गीय घरातला मुलगा डॉक्टर होणं म्हणजे काय, ते तुमच्या आईबाबांना विचारा. साऱ्या घराची आशा त्याच्यावर असते.

१९३७ साली जपाननं चीनवर मोठा हल्ला केला. हजारो माणसं जखमी होत होती आणि डॉक्टर पुरत नव्हते. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. आपण स्वतःच तेव्हा पारतंत्र्यात होतो. तरीही काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ साली लोकांना आवाहन केलं. वर्गणी जमली आणि पाच डॉक्टर निघाले: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोट सुटली. कोटणिसांना तेव्हा अठ्ठाविसावं वर्ष पुरं व्हायचं होतं.

मी एवढं सांगेपर्यंत ती मुलगी थांबलीच होती. तिनं विचारलं, "त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलं होतं का?"

या वेळी मला उत्तर देता आलं. हो, विचारलं होतं! द्वारकानाथांनी घरी सांगितलं आणि वडिलांनी त्यांना जायला प्रोत्साहन दिलं. चीन किती लांब आहे, तिथं काय चाललं आहे, याची घरात फारशी माहिती नसेल. मुलगा लढाईच्या तोंडावर चालला आहे, एवढं मात्र कळत होतं. तरी "जा" म्हणाले.

चीनमध्ये पोचून थोडेच महिने झाले होते, तोवर सोलापूरहून बातमी गेली की वडील वारले. डॉक्टर अटल त्यांना म्हणाले, तू घरी परत जा. कुणीही हेच सांगितलं असतं. पण कोटणीस राहिले. १९३९ साली ते येनानला पोचले आणि पुढं उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, थेट आघाडीजवळ गेले. तिथं मोठं रुग्णालय कुठलं असायला! खेड्यातलं घर, एखादं देऊळ, तेच शस्त्रक्रियेचं दालन. तिथल्या लोकांचं रोजचं अन्न म्हणजे राळं. आपल्याकडं पूर्वी राळ्याचा भात करत, तेच हे बारीक पिवळं धान्य. ज्वारीच्या मुलखातला हा मुलगा राळ्याच्या मुलखात रमला. चिनी बोलायला, वाचायला, लिहायला शिकला आणि चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवू लागला. लोकांनी त्याला आपल्या वळणाचं नाव दिलं, के दिहुआ. १९४० साली एका मोठ्या लढाईच्या वेळी तर त्यांनी सलग ७२ तास, म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री, जखमींवर शस्त्रक्रिया केल्या.

१९४१ साली ते ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याचं नाव होतं बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय. हे बेथ्यून कोण, ठाऊक आहे? नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यविशारद. तेसुद्धा असेच दूरदेशाहून आले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, तिचं विष रक्तात भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. कोटणिसांची आणि त्यांची भेट कधी झाली नाही. एका परक्यानं सोडलेलं काम दुसऱ्या परक्यानं हातात घेतलं.

तिथंच गुओ चिंगलान नावाच्या परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन! बाळ साडेतीन महिन्यांचं होतं, तेव्हा ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर कोटणीस वारले. त्यांना फेफऱ्याचा आजार जडला होता आणि विश्रांती तर ठाऊकच नव्हती. वय अवघं बत्तीस. बाकीचे चार डॉक्टर मायदेशी परत आले. सोलापूरच्या या घरात मात्र निरोप घेऊन गेलेला मुलगा पुन्हा आला नाही.

मुलं शांत झाली होती. आता तुम्हांला कळलं असेल, मी त्या रिकाम्या दुरडीची गोष्ट आधी का सांगितली. चीनमधल्या जखमी शिपायाला एक अनोळखी डॉक्टर भेटला. त्यानं त्याची गोळी काढली, पट्टी बांधली, जीव वाचवला. शिपायाला दिसला फक्त डॉक्टर. सोलापुरात म्हातारपणी मुलाची वाट पाहणारं घर त्याला कसं दिसणार? पण त्या पट्टीत त्या घराचाही वाटा होता.

चीननं ही आठवण ठेवली आहे. हेबेई प्रांतातल्या शिजियाझुआंग शहरात बेथ्यून आणि कोटणीस या दोघांच्या समाध्या एकाच उद्यानात आहेत. लोक तिथं फुलं वाहतात. चीननं १९८२ साली आणि भारतानं १९९३ साली कोटणिसांचं टपाल तिकीट काढलं. चीनचे नेते भारतात आले, तेव्हा अनेकदा कोटणीस कुटुंबीयांना भेटले. गुओ चिंगलानही २०१२ साली जगाचा निरोप घेईपर्यंत अनेकदा भारतात येऊन गेल्या. आपल्याकडं व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल.

एवढ्यात चौथीतला एक मुलगा उठला. त्याचे मामा सैन्यात आहेत. तो जरा रागातच म्हणाला, "पण बाई, चीन तर आपल्याशी लढला! मग कोटणिसांचं सगळं वायाच गेलं की!"

प्रश्न बरोबर होता. १९६२ साली चीनशी आपलं युद्ध झालं. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. त्यांच्या घरीही कुणीतरी वाट पाहत होतं. ते विसरून चालणार नाही, असं मी त्याला सांगितलं. पण एक हिशोब त्यालाही करायला लावला. कोटणिसांनी ज्याच्या पोटातली गोळी काढली, तो माणूस जगला का? जगला. त्याला पुढं मुलंबाळं झाली असतील का? झाली असतील. मग नंतर देशादेशांत भांडण झालं, म्हणून तो वाचलेला जीव न वाचलेला होतो का?

तो थोडा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "नाही होत." पण त्याचं पूर्ण समाधान झालं असं काही मला दिसलं नाही, आणि घाईनं व्हावं असंही वाटलं नाही. मोठ्या माणसांनाही हा प्रश्न सोपा जात नाही.

बालमित्रांनो, परत आल्यावर सोमवारी आम्ही वर्गात एक गंमत केली. फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन रकाने आखले. पहिल्या रकान्यात लिहायचं: प्रवासात अनोळखी माणसानं मला काय दिलं? दुसऱ्यात लिहायचं: ते कुणाच्या वाट्यातून आलं? मुलांनी काय काय लिहिलं, पाहा.

एकानं लिहिलं, "एका काकूंनी गाडीत मला बसायला जागा दिली." आणि समोर, "काकू फलटणपर्यंत उभ्या होत्या. त्यांच्याजवळ पिशवी होती."

एकीनं लिहिलं, "आजी वारीला गेली होती. अकलूजजवळ एका घरी पुरणपोळी मिळाली." आणि समोर, "त्या घरातल्या बायका पहाटेपासून पोळ्या लाटत होत्या, असं आजी म्हणाली." खरं आहे. आषाढात तुकाराम महाराजांची पालखी अकलूजवरून आणि ज्ञानेश्वर महाराजांची धर्मपुरीवरून सोलापूर जिल्ह्यात येते. तेव्हा कितीतरी घरांत वारकऱ्यांसाठी चुली पेटतात. नाव-गाव न विचारता वाढलं जातं. वारकऱ्याला पोळी दिसते, पोळपाटामागचे हात दिसत नाहीत.

एकानं लिहिलं, "मोटारसायकलवाल्या काकांनी आपल्या ड्रायव्हरदादांना मोहोळला नेलं." समोरचा रकाना त्यानं बराच वेळ कोरा ठेवला होता. शेवटी लिहिलं, "माहीत नाही. ते कुठं निघाले होते, हे आपण विचारलंच नाही."

आणि त्या मुलीनं? तिनं दुसऱ्या रकान्यात लिहिलं, "दोन मावश्या आणि एक दादा. त्यांना उशिरा भाकरी मिळाली. ते आमच्याकडं बघून हसले होते." हे हसणं मी पाहिलं नव्हतं. तिनं पाहिलं होतं. मग मी तिला म्हटलं, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुलाच मिळालं की! त्यांना आधी कुणी विचारलं नाही हे खरं. पण नंतर त्यांनी हसून 'हो' म्हटलं."

ती म्हणाली, "पण बाई, पुढच्या वेळी आपण दोन घास कमी खाऊ."

तुम्ही सोलापूरला गेलात, तर तलावातलं देऊळ बघा, गड्ड्यावर पाळण्यात बसा, चादर आणि चटणी घ्या, आणि कोटणिसांच्या घरी दहा मिनिटं तरी थांबा. गेला नाहीत, तरी हरकत नाही. वही सगळ्यांकडं असते. मधोमध एक रेघ मारा. पहिला रकाना लवकर भरेल. दुसऱ्यासाठी जरा आठवावं लागेल, घरच्यांना विचारावं लागेल.

मग, आखणार ना दोन रकाने?